रेडिओचा पंचनामा

माझ्या धाकट्या मामांइतका सावध विक्रेता अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात झाला नसेल. नोकरी तहसिलीत कारकुनाची आणि नाद जुने रेडिओ दुरुस्त करून विकण्याचा. नागपूरच्या पेपरात छोटी जाहिरात द्यायचे, व्ही.पी.नं, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं असं पार्सल पाठवायचे, 'आठ दिवसांत पसंत नसल्यास पैसे परत'. एका गिऱ्हाइकानं आतले चांगले भाग काढून नुसतं खोकं परत धाडलं, तेव्हापासून मामा प्रत्येक रेडिओचा रीतसर पंचनामा करू लागले. पंच मी आणि मामी. मामी हातातली भाकर टाकून सहीला यायच्या. मामा सांगायचे, "लिही, डाव्या बाजूला चरा हाये. उद्या तो म्हनन, चरा लपवला." आतल्या प्रत्येक भागावर मामांनी ओळखीसाठी दिलेला लाल रंगाचा ठिपका असे. स्वतःच्या मालाचे दोष ते इतक्या निष्ठेनं लिहीत, की वाचून मलाच तो रेडिओ नकोसा व्हायचा.

तरी बेल्लमपल्लीच्या एका खाणकामगाराचा रेडिओ परत आलाच. सोबत चिठ्ठी: 'आवाज नाही. तुम्ही लोकांना फसवता.' मामांनी उघडला. आतला स्पीकर फाटका, बिनठिपक्याचा. पैसे त्यांनी त्याच दिवशी मनीऑर्डरनं पाठवले, पण 'फसवता' हा शब्द काही पचेना. दोन दिवस धड जेवले नाहीत. रविवारी पंचनामा आणि मला घेऊन बेल्लमपल्लीला निघाले.

खाणकामगाराच्या क्वार्टरमध्ये एक अंध म्हातारी जुनाट रेडिओला कान लावून भजन ऐकत होती. भजन संपेपर्यंत मामा थांबले, मग मागचं झाकण उघडलं. आतल्या स्पीकरवर लाल ठिपका.

खाणकामगारानं मान खाली घातली. "मायला हाच डब्बा पायजे. तुमचा लावला तं हात फिरवून म्हने, हा आपला नोहे."

"मंग काऊन मांगतला नाही? नुसता स्पीकर धाडला असता ना."

मामांनी तिथंच मांडी घालून नवा पंचनामा लिहिला: विक्रेत्याचा माल चोख होता, सदर स्पीकर म्हातारीच्या रेडिओत उत्तम चालू आहे. त्यानं सही केली, म्हातारीनं अंगठा दिला आणि आम्हाला चहा पाजला.

बसमध्ये मी विचारलं, "स्पीकर तिथंच ठेवला?"

"तो वाजून राह्यला ना," मामा म्हणाले, आणि मामींनी बांधून दिलेल्या दशम्या एकट्यानं संपवल्या.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. एका शब्दासाठी दोन बस बदलून जाणारा आणि जिंकल्यावर वस्तू तिथंच सोडून येणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.