बिनक्लचची गाडी

मुलांनो, तुमच्याकडे गाडी केव्हाही घेता येते. ग्वाल्हेरात ती मेळ्यात घ्यायची असते. हिवाळ्यात मेळा भरला की पाळणे आणि पापडांच्या दुकानांपलीकडे गाड्यांचे मंडप लागतात, आणि सरकारने जाहीर केली तर रोड टॅक्समध्ये सूट मिळते. ती कधी जाहीर होणार हे कोणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे दिवाळी संपली की इथली गाडीवेडी माणसं नुसती ताटकळत असतात. या वर्षी त्यांच्यात मीही होते.

सकाळी आमच्या ओट्यावर ऊन येतं. तिथे दोघांची बैठक असते. एक समोरचे भाऊसाहेब, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे. दुसरा माझा पुतण्या, दातांचा डॉक्टर. एक गाडी जरा जुनी झाली की त्याला दुसरीची स्वप्नं पडू लागतात. चहा माझा, बोलणं त्यांचं.

"भाऊसाहेब, आता ती जीप म्युझियममध्ये देऊन टाका."

"तुझ्या गाडीचा स्क्रीन बिघडला की तू रडत बसतोस. माझी धक्का मारला तरी चालते."

"आणि धक्का मारायला आम्हालाच बोलावता ना!" पुतण्या हसतो. "मी तर या मेळ्यात इलेक्ट्रिकच घेणार, पक्का. आवाजच नाही येत. एकदम मक्खन!"

"आवाज नाही तर ती गाडी कसली? तो फ्रिज झाला."

कोण काय चालवतो आणि पुढे काय घेणार, हे असं रोज चालायचं. मला मात्र कोणी विचारत नसे. माझी छोटी पांढरी गाडी पंधरा वर्षांची होत आली होती, तिची नोंदणी संपायला आली होती. तुमचा बाबा फोनवर म्हणायचा, "आई, विकून टाक. मोबाइलवर टॅक्सी येते की."

येते, हे मलाही माहीत आहे. पण दर गुरुवारी मी मुरारला माझ्या थोरल्या बहिणीकडे जाते. ताई अंथरुणावर आहे. कधी ती झोपलेली असते आणि मी दुपारभर नुसती शेजारी बसते. कधी पाचच मिनिटांत म्हणते, "दमले गं, जा आता." खाली कोणी ड्रायव्हर घड्याळ बघत उभा आहे, हे डोक्यात ठेवून असं बसता येत नाही आणि उठताही येत नाही. परतताना वाटेल त्या रस्त्याला वळावं, हेही मग गेलंच.

एका सकाळी पुतण्या म्हणाला, "काकू, सूट निघाली की लोक नवीन घेतात, मग जुन्या गाडीला कोणी विचारत नाही. तुमची आत्ताच काढून टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"मग मी काय चालवू?"

भाऊसाहेब घसा खाकरून म्हणाले, "वहिनीसाहेब, परवा पडावाच्या पुलावर आपण अख्खा रस्ता थांबवलात. मी मागेच होतो."

खरं होतं. चढावर डावा गुडघा क्लच दाबायला तयारच होईना. गाडी बंद पडत राहिली आणि मागे हॉर्नचा गदारोळ.

"गुडघा दुखतो, डोळे नाही दुखत," मी म्हणाले. "बिनक्लचची घेईन. ऑटोमॅटिक."

बोलून तर गेले, पण मग स्वस्थता गेली. कुकर लावायचा आणि मधेच खाली जाऊन गाडीची काच पुसायची. वर्तमानपत्रात टॅक्स-सवलतीची बातमी शोधताना डावा पाय सतरंजी दाबत असायचा. मीठ साखरेच्या डब्यात ओतलं. माझ्या स्वयंपाकघरात असं कधी झालं नव्हतं.

शेवटी सूट निघाली. आम्ही तिघं मेळ्याला गेलो. पुतण्याची आत्ताची गाडी ऑटोमॅटिकच आहे. तो म्हणाला, "मंडपात जाण्याआधी माझी चालवून बघून घ्या." मैदानाच्या कडेला मोकळी जागा होती. तो माझ्या शेजारी बसला. भाऊसाहेब मागे, हातात ताटाएवढा पापड.

गाडी खरंच लोण्यासारखी निघाली. वळण आलं, मी वेग कमी करायला गेले, आणि इतकी वर्षं जे केलं तेच केलं: डाव्या पायाने क्लच जोरात दाबला. क्लच नव्हताच. तिथे रुंद ब्रेक होता. गाडी भिंतीवर आदळल्यासारखी जागीच थांबली. पुतण्याचा चष्मा पायाशी पडला आणि माझ्या खांद्यावर पापडाचा चुरा.

"काकू, मारून टाकाल!"

"मी ठीक आहे," मागून आवाज आला. "पापड शहीद झाला."

पण पुतण्या हसला नाही. त्याने पट्टा सोडला. "उतरा काकू. राहू द्या. उद्या दादाला मी काय सांगू?" दादा म्हणजे तुमचा बाबा.

मी स्टीअरिंग सोडलं नाही. डावी चप्पल काढली, मागच्या सीटवर टाकली, आणि तो पाय मागे ओढून सीटखाली दाबून धरला. अनवाणी तळव्याला खालचं गार लोखंड लागत होतं. तेवढ्याने पाय भानावर राहिला.

"पट्टा लाव," मी पुतण्याला म्हटलं.

ऊन उतरेपर्यंत मी त्या मैदानात फेऱ्या मारत होते. पाय मधूनच उठायचा, मी पुन्हा दाबून धरायची. शेवटी भाऊसाहेब म्हणाले, "वहिनीसाहेब, रंग कोणता घेणार?"

राखाडी घेतली. पुढच्याच गुरुवारी पडावाच्या पुलावर गर्दीत चढावर थांबावं लागलं. मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. ब्रेक सोडून हलकेच ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी मागे न सरकता पुढे निघाली.

ताई जागी होती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "एकच चप्पल घालून आलीस?"

"दुसरी गाडीत राहिली."

"म्हणजे स्वतः चालवत आलीस," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. मी बराच वेळ बसले. निघताना परतीचा सरळ रस्ता सोडून हजीऱ्याकडे वळले, काही काम नसताना.

तुमच्या बाबाला नवी गाडी घेतल्याचं कळवलं आहे. पापडाचं मात्र त्याला सांगू नका.