झेंडूखालचा लाल दिवा

मारेगावात आमचं फोटो स्टुडिओचं दुकान आहे. फोटो आमचे हे काढतात आणि कॉम्प्युटरवरचं सगळं काम मी करते. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट, शाळेचे फोटो असतातच, पण माझं खरं काम तेरवीच्या फोटोंचं. माणूस गेलं की घरचे लोक कोणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन येतात. त्यात गेलेला माणूस जिवंत माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. मी त्याला त्यांच्यातून कापून काढते, मागे निळं आभाळ टाकते, घरच्यांनी म्हटलं तर कोटही चढवते. जिवंत माणसाचा केससुद्धा त्यात राहू द्यायचा नाही, कारण त्या फोटोला हार पडणार असतो आणि जिवंताच्या फोटोला हार म्हणजे अपशकुन. एकदा एका बुढ्याच्या खांद्यावर त्याच्या सुनेची बोटं तशीच राहून गेली. ती बाई तणतणत दुकानात आली, "मले बी मारून टाकता का वो ताई?" तेव्हापासून मी प्रत्येक फोटो दहा वेळा मोठा करून पाहते.

आमच्या ह्यांना फुकटाची भारी हौस. दिवाळीनंतर लग्नं सुरू होणार, अल्बम बनवायला नवं सॉफ्टवेअर पाहिजे, ते विकत घ्यायचं म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखतं. कोणीतरी लिंक पाठवली आणि ह्यांनी दसऱ्याच्या सकाळीच ते उतरवून घेतलं. टाकायच्या आधी अँटीव्हायरस बंद करा, असं त्यातच लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "अहो, चोर म्हणतो कुत्रं बांधून ठेवा, अन् तुम्ही बांधून राह्यले?"

"सगळ्या स्टुडिओवाल्यांकडं हेच आहे. तुले काय समजते त्यातलं?"

आता माझा पुरा दिवस त्या मशीनपुढे जातो आणि मला काही समजत नाही! पण सणाचा दिवस होता. मी तोंड मिटलं आणि झेंडूच्या माळा करायला बसले.

दसऱ्याला आमच्या दुकानात मशीनची पूजा असते. कॅमेरे, लेन्सा, फ्लॅश, सगळं पुसून लाल कपड्यावर मांडायचं आणि मधोमध कॉम्प्युटर. जुन्या फोटोंच्या दोन हार्ड डिस्क वर्षभर कपाटात कुलपात असतात. त्या दिवशी त्याही काढून कॉम्प्युटरला जोडायच्या, कारण बंद मशीनची पूजा करायची नाही, दिवे लागलेले पाहिजेत, अशी माझ्या सासऱ्यांची रीत. ते असताना अंधाऱ्या खोलीतल्या मशीनचा बल्ब लावून हळदीकुंकू वाहायचे. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

मी हळदीकुंकू वाहिलं, डिस्कवर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. पडद्यावर खिडकी आली होती, अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. हे हसले. "पाह्य, थेही म्हणते बंद करू नका." आतला पंखा घरघरत होता आणि फुलाखाली डिस्कचा लाल दिवा भराभरा लुकलुकत होता. एरवी तो असा कधी चालत नाही. मी हात जोडले आणि म्हटलं, यंदा लक्ष्मी जोरात आहे बापा.

दुपारनंतर एक बाई आली. मुकुटबनकडची होती, सोबत तिचा भाऊ. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच थांबली, "सुतक हाय वो बाई." मग मी ओळखलं. उन्हाळ्यात हिच्याच मुलीच्या लग्नाचे फोटो आम्ही काढले होते. अल्बम अजून झाला नव्हता, कारण कोणते फोटो घ्यायचे ते सासरकडून ठरतच नव्हतं. ती पोरगी सासरी तापानं गेली. लग्नाला पावसाळाच काय तो उलटला होता.

"तेरवीले फोटो पाहिजे," बाई म्हणाली. "आधार कार्डावर लहानपणचा हाय, त्यात निरा काळा ठिपका दिसते. मोबाइल तिच्या सासरचे देऊन नाही राह्यले. तुमच्यापाशी तिचे हासतेले फोटो हायत ना?"

"खूप आहेत वो मावशी," हे म्हणाले. "पण आज मशीनले हात नाही लावत आमी. पूजा झाली. उद्या सकाळी या."

बाईनं लगेच मान हलवली. "बरोबर हाय भाऊ. देवाचं पह्यले."

ती उंबऱ्याबाहेर उभी होती, मी आत कुंकवाचं ताट धरून, आणि माझ्या मागे तो दिवा लुकलुकत होता. आत काय चाललं होतं ते मला आता माहीत आहे. अपडेटची खिडकी खोटी होती. तिच्याआड ते सॉफ्टवेअर एकेक फोल्डर उघडत होतं, एकेक फोटो वाचत होतं आणि त्याला कुलूप घालून पुढे सरकत होतं. त्या वेळी तिची मुलगी कदाचित अजून शाबूत असेल. बटण माझ्या हातापासून वीतभर दूर होतं. देवाचं पहिले! आजही दुपारी दुकानात कोणी नसलं की मला पंख्याची ती घरघर ऐकू येते आणि मी उगाच उठून मशीन बंद आहे का पाहते.

सकाळी कॉम्प्युटर ठणठणीत सुरू झाला. माझ्या अंगावर काटा येतो तो त्याचाच. जळला असता, बंद पडला असता तर कळलं असतं. घड्याळ बरोबर चाललं होतं, प्रिंटर बोलत होता. फक्त फोटोंच्या जागी पांढरे कागद होते. लग्नाचं फोल्डर उघडलं तर नुसते कोरे पांढरे चौकोन, ओळीनं. खाली कॅमेऱ्यानं दिलेले आकडे तसेच आणि प्रत्येकाच्या मागे चार अनोळखी अक्षरांचं शेपूट. मी शेपूट पुसून पाहिलं, तरी उघडेना. डिस्क पाहिल्या. एकीत पांढरे चौकोन, दुसरीतही पांढरे चौकोन. कपाटात असत्या तर वाचल्या असत्या, पण आम्ही त्यांना पूजेला बसवलं होतं.

ह्यांचा विश्वास बसेना. शाळेतल्या पोरांचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह त्यांनी लावून पाहिला. डोळ्यांदेखत एकेक पोरगं पांढरं होत गेलं. "काढा, काढा तो!" मी ओरडले, आणि हे नुसते पाहत राहिले.

वणीहून कॉम्प्युटरवाला आला, त्यानं पहिले इंटरनेटची वायर उपटली. "रॅन्समवेअर हाय ताई. फोटो कुठं गेले नाहीत, इथंच हायत. पण त्यायचा सारा काला करून टाकला, अन् तो उलटवाची किल्ली त्या लोकायपाशी. कॉम्प्युटर मुद्दाम चालू ठेवते, तुमाले चिठ्ठी वाचता यावी म्हणून." चिठ्ठी प्रत्येक फोल्डरमध्ये होती, इंग्रजीत. घाबरू नका, सगळं परत मिळेल, पैसे डॉलरमध्ये द्या. हे ती वाचून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, पैसे देऊ नका, दिले तरी किल्ली येईलच असं नाही, पहिले पोलिसांत सायबरची तक्रार करा. तक्रार केली.

पण चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ होती. आमच्याकडे किल्ली आहे याचा पुरावा म्हणून एक फाइल पाठवा, ती फुकट उघडून देऊ. अट एवढीच, तिच्यात मोलाचं काही नसावं.

मोलाचं म्हणजे हिशेब, कागदपत्रं. मेलेल्या पोरीचा चेहरा त्या हरामखोरांच्या लेखी मोलाचा नव्हता, आणि तेच आमच्या कामाला आलं.

बाई आली तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. आम्ही दोघंही आडवंतिडवं बोलत होतो. तिला काय समजलं कोण जाणे. शेवटी तिनं विचारलं, "मंग एक भेटन?"

"एक भेटन. पण कोणता, ते दिसत नाही."

सुतक बाजूला ठेवून मी तिला आत आणलं, माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. आमच्याकडे फोटोंना कधी नावं देत नाहीत. कॅमेरा जो आकडा देईल तोच. म्हणून आकडे तेवढे क्रमानं होते, सकाळपासून बिदाईपर्यंत. मला नवरीचा एकटीचा हसरा फोटो आठवत होता, मंडपाच्या दाराशी काढलेला. पण त्याचा आकडा कोणाला ठाऊक? मी पांढरे चौकोन सरकवत गेले आणि बाई सांगत गेली.

"इथं हयद लागली असन. तिच्या मावशीनं कानात भरवली, कशी चिडली होती! इथं नवरदेव आला, लय उशीर केला. इथं लाइट गेली." ती कोऱ्या पडद्याकडे बघून मधेच हसली. "इथं आमची बुढी माय नाचली." कोरा कागद, पुन्हा कोरा कागद, आणि तिला त्यात सगळं दिसत होतं. मला वाटायला लागलं की मीच आंधळी झालेय.

"अक्षदा इथं," ती म्हणाली. "मंग दाराशी उभं केलं तिले." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "हाच."

तोच पाठवला. कॉम्प्युटरवाल्याने त्याच्या लॅपटॉपवरून पाठवला आणि आम्ही वाट पाहत बसलो. जगाच्या कोणत्या कोपऱ्यात कोण बसलं होतं, देव जाणे, पण मुकुटबनच्या पोरीचा चेहरा त्याच्या हातात होता. मी जेवताना त्याला शिव्या घालायचे आणि देवापुढे दिवा लावताना, बापा पाठव रे, म्हणून त्यालाच हात जोडायचे.

तेरवीच्या आदल्या दिवशी तो फोटो उघडून आला. बाई काळीपिवळीतून उतरून नुकतीच दुकानात शिरली होती. मी फाइलवर क्लिक केलं.

फोटो दारातला नव्हता. पडद्यावर ही बाईच होती, मोठ्ठी, घामेजलेली, कपाळावर कुंकू फिसकटलेलं. तोंड उघडलेलं आणि डोळे हसणारे. उजवीकडून एक हात आत आला होता, मेहंदीचा, हिरव्या चुड्याचा. चिमटीत बुंदीचा घास. त्या हातामागचं माणूस फोटोत नव्हतं.

ह्यांनी तोंड फिरवलं.

"कन्यादानासाठी सकाळपासून उपाशी होतो मी," बाई हळूच म्हणाली. "अक्षदा पडल्यावर तिनंच घास चारला होता."

मला रडू फुटलं. मग सवयीनं माझा हात माउसवर गेला. काम तर करायचं होतं. "मावशी, उद्या ह्याले हार पडन. तुमाले कापून घेतो मी. तिचा हात तेवढा ठेवतो, मागं निळं आभाळ टाकून."

"कायले?"

"जिवंत माणूस ठेवत नाही वो त्यात. वाईट असते."

तिनं माझं मनगट धरलं. पकड अशी होती की माउस सुटला. "मले नोका कापू बाई. मले कापसान त तिचा घास कोनाच्या तोंडात जाईन?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तसाच फोटो छापला.

दुसऱ्या दिवशी फ्रेम द्यायला आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. खुर्चीवर फ्रेम ठेवली तशी बायकांत कुजबुज सुरू झाली. तिचा भाऊ हार हातात घेऊन नुसता उभा राहिला, त्याच्यानं पुढे होववेना. "भैताड झाली का वो हे? सोताच्याच फोटोले?" कोणीतरी म्हणालं. बाईनं भावाच्या हातून हार घेतला आणि फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावरून तो सारखा करून घातला, चुड्याचा हात झाकणार नाही असा. मग ती पंगतीत वाढायला लागली. येणारा माणूस फोटोपुढे वाकायचा, वर पाहायचा, आणि वाढणाऱ्या बाईकडे पाहून चपापायचा. मीही चपापले.

जुन्या डिस्क मी फेकलेल्या नाहीत. कॉम्प्युटरवाला म्हणतो, कधी एखाद्या दिवशी किल्ली सापडेलही. मी मधूनच ते फोल्डर उघडते आणि दाराशी म्हणून जो चौकोन असावा, त्याच्याकडे पाहत बसते. ती त्यात आहे, हसते आहे, आणि मला दिसत नाही.

तेरवीच्या दिवशी निघताना मी बाईला विचारलं, "मावशी, तुमी जेवल्या का?" सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, हे मला तिच्या भावानं सांगितलं होतं.

तिनं हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"जेवतो ना," ती म्हणाली. "थे चारूनच राह्यली पाह्य."