मामांचा कसोटीचा दगड

प्रकाशावर चालणाऱ्या अतिसूक्ष्म उपकरणांत सोनं वापरलं, तर ते निम्मा प्रकाश स्वतःच गिळतं आणि जरा तापलं की आकार सोडतं. म्हणून मी पीएच.डी.ची ऐन उमेदीची वर्षं सोन्याला पर्याय म्हणून टायटॅनियम नायट्राइडमध्ये घातली. त्याचा थर चढवलेली सोनेरी चकती लोहाऱ्याच्या पेढीवर मामांना मोठ्या तोऱ्यात दाखवली. मामा सराफ. त्यांनी सवयीनं ती कसोटीच्या दगडावर घासली. पिवळी रेघ उमटायची राहिली बाजूला, आजोबांच्या वेळच्या त्या दगडालाच ओरखडा पडला.

"सोन्यापेक्षा लई टणक आहे, मामा," मी म्हणालो.

मामांनी दगडावरून अंगठा फिरवला. "सोन्यासारखं दिसणारं, पण सोनं नसलेलं आमी दिलं, तर पोलीस धरून नेत्यात. तुला डॉक्टर म्हणत्यात."