दुमडलेलं पान

माझ्या नव्या पुस्तकाचं खोकं आज घरी आलं. उघडताच शाईचा आणि गोंदाचा वास आला आणि मी मनानं थेट पारनेरच्या आठवडे बाजारात जाऊन बसलो.

पहिलं पुस्तक मी स्वतःच छापलं होतं. धूळ बसू नये म्हणून प्रत्येक प्रत प्लास्टिकमध्ये घालून चादरीवर मांडली होती. मी "घ्या ना" म्हणायचो, लोक बघून पुढे जायचे. शेजारी बांगड्या भरणाऱ्या शांतामावशी मात्र कुणालाच 'घ्या' म्हणत नसत. आधी बाईचा हात हातात घ्यायच्या, माहेरची चौकशी करत एक बांगडी चढवायच्या.

दुपारी त्यांनी माझी एक प्रत उचलली आणि प्लास्टिक टरकन फाडलं.

"अहो मावशी, खराब होईल!"

"हूं दे की. हात लागल्याबिगर कोन घेतंय, लेका?"

मग बांगड्या भरायला बसलेल्या प्रत्येकीच्या मांडीवर ते पुस्तक गेलं. एक हात मावशींकडे, दुसऱ्यानं पानं उलटणं चालू. दोघी तर खळखळून हसल्या. त्यातल्या एकीनं माझ्याकडून दुसरी प्रत विकतही घेतली.

संध्याकाळी प्रत परत आली, तेलाच्या बोटांची, एक पान दुमडलेली. मला रागच आला. आज वाटतं, इतक्या मायेनं माझं पुस्तक कुणीच हाताळलं नाही.

प्रत परत देताना मावशी म्हणाल्या, "बाया हसल्या त्ये पान दुमडून ठिवलंय. मला वाचाया येत न्हाई. तेवढं वाचून दाव."