थंडी नव्हे, ओल

माझी मावशी फिलोमेना बुत्रोन हिने कादिझमध्ये सव्वीस वर्षं पाहुण्यांसाठी खोल्या चालवल्या. खोल्या सात, तिसऱ्या मजल्यावर, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत. उन्हाळ्यात कोणीही येई. हिवाळ्यात मात्र आतल्या मुलखातले म्हातारे येत, ज्यांना डॉक्टरांनी छातीसाठी समुद्रकाठी जायला सांगितलेलं असे. या म्हाताऱ्यांना मावशी दर ऑक्टोबरात स्वतःच्या हाताने पत्रं लिही. चौकशी, आशीर्वाद, आणि शेवटी एक वाक्य: आमच्याकडे थंडी नसते.

हे ती गिऱ्हाईक ओढायला लिहीत नव्हती. तिचा तसा विश्वास होता. नोव्हेंबर लागला की ती दोन लोकरी बनियन, एक स्वेटर, त्यावर जेनारोकाकांचा खलाशाचा जाड निळा कोट आणि सगळ्यांवर एप्रन असा वेष करून मार्चपर्यंत वावरायची. काका म्हणजे तिचा नवरा; ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. थंडी वाजते का, असं कोणी विचारलं तर म्हणे, "थंडी कसली? ओल आहे ती. समुद्र नाही का बाजूला?"

बाहेरच्यापुरतं तिचं खरंच होतं. जानेवारीत दुपारी समुद्राच्या कट्ट्यावर माणसं शर्टाच्या बाह्या सारून बसतात. पण आमची घरं बांधली ती उन्हाळ्यासाठी. उंच छत, थंडगार फरशी, हातभर जाडीच्या भिंती, आणि मधल्या चौकात ऊन पोचेपर्यंत मे महिना उजाडतो. हिवाळ्यात अंथरुणात शिरलं की चादरी आधी आपल्याकडून ऊब घेतात, आणि उरली तर परत देतात. जेवणाच्या गोल टेबलाखाली निखाऱ्यांची परात असे आणि टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड. गुडघ्यांपर्यंत माणूस भाजून निघे. गुडघ्यांच्या वर ज्याचं त्यानं बघायचं.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते आणि मावशीकडेच राहत होते. मला हे सगळं नेहमीचंच वाटे.

सदुसष्ट सालच्या जानेवारीत एवेलिओ लाफुएन्ते नावाचे गृहस्थ आले. सोरियाकडच्या डोंगरातल्या एका गावात ते स्टेशनमास्तर होते. नुकतेच निवृत्त झालेले, उंच, हाडकुळे, खोकला खोल. त्यांच्या गावात हिवाळ्यात विहिरीवरचा दोर काठीसारखा ताठ उभा राहतो, असं ते सांगत. त्यांनी सामान ठेवलं, खोलीत एक चक्कर मारली आणि बाहेर येऊन मावशीला विचारलं,

"बाई, शेगडी कुठे ठेवलीय?"

"स्वयंपाकघरात. का, भूक लागलीय?"

"ती नव्हे. धुराड्याची. घर तापवायची."

"घर कशाला तापवायचं? साहेब, तुम्ही कादिझला आलायत."

"ते तिकिटावर लिहिलंय. शेगडी कुठेय?"

शेगडी नाही, हे त्यांना कळलं. काढलेला कोट त्यांनी परत घातला.

त्यानंतर त्यांचा नेम ठरला. सकाळी घराबाहेर पडताना कोट काढून हातावर घ्यायचा आणि संध्याकाळी घरी आल्यावर घालायचा. खालच्या न्हाव्याच्या दुकानातला सेर्वांदो दारात उभा राहून हे बघायचा. जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय साहेब, कोट काढलात? बाहेर निघालात वाटतं."

"हो. घरी जाताना घालीन."

"आणि झोपताना?"

"झोपताना टोपीसुद्धा."

सेर्वांदोने हे गल्लीभर केलं. दोन दिवसांत मासेवालीसुद्धा मावशीला विचारू लागली, "काय फिलो, तुझा पाहुणा म्हणे घरात टोपी घालून झोपतो?" मावशी म्हणाली, "डोंगराकडच्या माणसांना ऊन सोसत नाही."

जेवताना एकदा तिने त्यांना विचारलं, मासे कसे वाटतात.

"मासे उत्तम," ते म्हणाले. "आणि माझी खोलीही माशांसाठी उत्तम आहे. चार दिवस ताजे राहतील."

मावशीने त्यांच्यापुढची ताटली उचलली. फळं त्या दिवशी त्यांना मिळाली नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात ते आजारी पडले. आधी ताप, मग छातीत कळ, मग नीट श्वास घेता येईना. डॉक्टर आमान्सिओ आले. त्यांनी ओव्हरकोट न काढताच तपासलं.

"न्यूमोनिया," ते म्हणाले. "यांना कुठेतरी उबदार जागी हलवायला पाहिजे."

"डॉक्टर," मावशी म्हणाली, "ते उबदार जागीच आलेत."

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पाण्याचे ओघळ होते. बोलताना त्यांच्याच तोंडातून वाफ निघत होती. ते कादिझचेच, त्यामुळे इथे थंडी आहे असं त्यांच्याही तोंडून निघेना. शेवटी म्हणाले, "मग जरा बरं वाटलं की सोरियाला पाठवा. तिथे बर्फ पडतोय, तब्येत सुधारेल."

मावशीला हा अपमान वाटला. पण तिने त्या माणसाची सोळा दिवस जी सेवा केली, ती मी पाहिलीय. विटा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून ती त्यांच्या पायाशी ठेवायची. टेबलाखालची परात उचलून त्यांच्या खोलीत नेली. निखाऱ्यांचा धूर बाधू नये म्हणून खिडकी उघडी ठेवली, आणि खिडकीतून वारा आला म्हणून आणखी निखारे आणले. तेही पुरेना, तेव्हा तिने अंगातला काकांचा कोट काढला आणि त्यांच्या रजईवर पसरला. दुसऱ्या दिवशी रस्सा वाढताना तिचे दात वाजत होते.

"मावशी, तुला थंडी वाजतेय."

"वय झालं. दात सैल झालेत."

ती एक्कावन्न वर्षांची होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस एवेलिओसाहेब उभे राहिले. आम्ही त्यांना स्टेशनवर पोचवलं. फलाटावर वारा होता, म्हणून मावशीने तो निळा कोट त्यांच्या अंगात चढवला, बटणं लावली, कॉलर वर केली. गाडी सुटली. कोटही गेला. ते आमच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही घराच्या जिन्यात होतो.

आठवड्याने पत्र आलं. सुखरूप पोचलो, खोकला कमी आहे, कोट नजरचुकीने इकडे आला, पोस्टाने पाठवतो.

"पोस्टाने?" मावशी म्हणाली. "जेनारोचा कोट? वाटेत कुणी घालून बसला म्हणजे?"

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि आम्ही दोघी निघालो. गाडीत दीड दिवस गेला, माद्रिदला बदलून, मग सोरियाला, मग बसने डोंगरात. मावशीने बर्फ पहिल्यांदा पाहिला. खिडकीतून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "किती आवरलेलं दिसतं."

दार एवेलिओसाहेबांच्या बहिणीने, कासिल्दाने उघडलं. ठेंगणी, लालबुंद गालांची, कमी बोलणारी बाई. तिने आम्हाला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिथे भिंतीएवढी लोखंडी चूल होती, धुराडं छतातून वर गेलेलं, चुलीजवळच्या बाकावर मांजर पोट वर करून झोपलेलं. एवेलिओसाहेब खमीस घालून, बाह्या दुमडून वर्तमानपत्र वाचत होते. आम्हाला बघून ते उठले. त्यांना खोकला आला नाही.

"कोट घ्यायला आलेय," मावशी म्हणाली. "बसत नाही. लगेच निघायचंय."

"बस उद्या सकाळी आहे," कासिल्दा म्हणाली.

मावशी बसली. थोड्या वेळाने तिने शाल काढली. मग स्वेटर. लसणाचं सूप आलं, ते संपेपर्यंत वरचा बनियनही, मागच्या खोलीत जाऊन. एप्रिलच्या आधी मी तिचे दंड कधी पाहिले नव्हते. जेवणानंतर ती बोलता बोलता थांबली. बसल्या जागी झोपली होती.

दुसऱ्या दिवशी ती बसला उशीर झाला म्हणाली. तिसऱ्या दिवशी मांजर मांडीवर आहे, त्याला कसं उठवायचं म्हणाली. चौथ्या दिवसापासून कारण सांगायचं बंद केलं.

कासिल्दाचं लक्ष मावशीच्या हातांकडे होतं. दर हिवाळ्यात मावशीची बोटं सुजत, जांभळी होत, सांध्यांवर फुटत. गल्लीतल्या निम्म्या बायकांची होत.

"हे थंडीनं होतं, बाई," कासिल्दा म्हणाली.

"छे. भांडी घासून."

"मीही भांडी घासते." कासिल्दाने आपले हात पुढे केले. खरबरीत होते, पण साबूत.

माझी रजा संपत आली तोवर तिच्या बोटांची सूज उतरली होती. निघायच्या दिवशी तिला लग्नातली अंगठी बोटातून फिरवताना मी पाहिलं. नोव्हेंबर ते मार्च ती अंगठी कधी हलत नसे.

परतीच्या गाडीत कोट तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. माद्रिद गेलं, सपाट मुलूख लागला. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "जेनारो शेवटचे दोन महिने कुडकुडत होता गं. सारखा म्हणायचा, फिलो, थंडी वाजतेय. मी म्हणायचे, ताप आहे तुला."

"ताप होताच ना त्यांना."

"होता," ती म्हणाली. "थंडीही होती."

मग तिने डबा उघडला आणि मला कासिल्दाने दिलेला सॉसेज कापून दिला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गवंडी आला आणि जेवणाच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडू लागला. मेमध्ये रेल्वेने एक खोका आला, पाठवणार एवेलिओ लाफुएन्ते. आत लोखंडी शेगडी, धुराड्याच्या नळ्यांसकट. ती तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार हमाल लागले. सेर्वांदो वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, मागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक.

"हे काय फिलो? आगगाडी घेतलीस?"

"कपडे वाळवायला," मावशी म्हणाली. "ओलीत वाळत नाहीत."

डिसेंबरात शेगडी पेटली. ऑलिव्हच्या बिया आणि बाजारातली फळांची मोडकी खोकी जाळायचो. पहिल्या आठवड्यात मासेवाली कपडे कसे वाळतात ते बघायला आली आणि दोन तास बघत बसली. मग तिची सासू आली. मग सेर्वांदो आला, म्हणाला, "माझाही एक टॉवेल ओला आहे," आणि खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलसकट खुर्चीत बसला. डॉक्टर आमान्सिओ दर गुरुवारी येत. त्यांनी तिथे ओव्हरकोट काढलेला सगळ्यांनी पाहिला.

एवेलिओसाहेब जानेवारीत आले. शेगडी नीट बसवलीय का ते पाहायला आलो, म्हणाले. नळीचा एक सांधा त्यांनी खरोखरच बदलला. त्या वर्षी ते एप्रिलपर्यंत राहिले, पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच आले. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मावशीला लग्नाचं विचारलं. मी आणि दोन पाहुणे तिथेच तिच्याशी पत्ते खेळत होतो.

"उन्हाळ्यात काय करायचं?" मावशी म्हणाली. "तुम्हाला इथला उन्हाळा सोसायचा नाही."

"उन्हाळ्यात मी गावी जाईन. हिवाळ्यात इथे."

"म्हणजे अर्धा नवरा."

"अर्धा. पण वेळेवर येणारा. स्टेशनमास्तर होतो मी."

मावशीने हातातलं पान टाकलं, डाव जिंकला आणि हो म्हणाली. लग्न एका मंगळवारी सकाळी सातच्या प्रार्थनेला उरकलं. सेर्वांदोने दाढी फुकट केली आणि ते वर्षभर सगळ्यांना सांगितलं. अकरा वर्षं ते दोघं असे राहिले. त्यांचं मोठं भांडण कधी झालं नाही. एखादं पेटायला लागेपर्यंत एप्रिल येई.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात कासिल्दाची तार आली. एवेलिओसाहेब गावी, झोपेत गेले होते. मावशीने आणि मी पुन्हा ती गाडी धरली. दफन झालं, शेजारीपाजारी सूप पिऊन गेले. कासिल्दा चुलीपाशी उभी होती, कशालाही हात न लावता. आता तिला बाराही महिने एकटीसाठीच स्वयंपाक करायचा होता.

"सामान बांध," मावशी तिला म्हणाली.

"कोंबड्या आहेत."

"शेजारणीला दे."

"मला समुद्र आवडत नाही."

"पाहिलायस?"

"नाही."

कासिल्दाने कोंबड्या दिल्या. कादिझच्या स्टेशनवरून आम्ही तिला आधी समुद्राच्या कट्ट्यावर नेलं. ती गाठोडं धरून उभी राहिली. ऊन होतं, बोटी येत होत्या. पाच मिनिटांनी म्हणाली, "पुष्कळ आहे," आणि घराकडे चालू लागली.

पुढची नऊ वर्षं आमचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. लसणाचं सूप रोज असे, ऑगस्टमध्येसुद्धा. पाहुण्यांनी तक्रार केली की मावशी त्यांना सांगे, "मला काय सांगता? ती माझी नणंद आहे. मीसुद्धा तेच खातेय."