नवरीचा चुडा तेवढा शाबूत

मी मुखेडच्या ठाण्यात फौजदार असतानाचं ते प्रकरण आजही माझ्या मनातून जात नाही.

बाजारपेठेत एका कासाराचं बांगड्यांचं दुकान होतं, मागेच घर. नवरा, बायको आणि वीस-बावीस वर्षांची लेक. लेक सकाळी मायच्या गळ्यात पडायची, दुपारी तिलाच वैरीण म्हणायची. देवऋषी झाले, अंगारे झाले. शेजारी म्हणायचे, "पोरगी लई नाटकी हाय." त्या घरात कुणी निवांत जेवत नव्हतं.

एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, कासाराचं दुकान फोडलंय. पण बाहेरचं कुणी आलेलं न्हाई बघा."

मी स्वतः गेलो. जमिनीवर काचांचा खच, गल्ल्याला मात्र हात लावलेला नव्हता. आणि वरच्या फळीवर एका नवरीसाठी काढून ठेवलेला हिरवा चुडा, फडक्यात नीट गुंडाळलेला. इतकी मोडतोड करताना परक्या नवरीचा अपशकुन कोणता चोर टाळेल? हे घरच्याच माणसाचं काम.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि बीएला माझा विषय मानसशास्त्र. त्याचा मला अभिमान आहे. महिला शिपायाला सोबत घेतलं, लेकीला आधी चहा पाजला.

"तूच केलंस ना, बाळ?"

"हाव. माय मला न सांगता मामाकडं गेली. वाटलं, सोडूनच गेली. मग काही सुचलंच न्हाई."

"आणि चुडा?"

"त्या नवरीनं माझं काय वाईट केलं, साहेब?"

बाप ओरडला, "आत टाका हिला! पुन्हा तोंड बघणार न्हाई मी." आणि तोच आधी रडला.

म्हटलं, "तक्रार द्यायची का न्हाई, तुम्ही ठरवा मालक. पण आधी हिला घेऊन नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं चला."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे, नाटक नव्हे. आपलं माणूस सोडून जाईल ही भीती, टोकाची माया, टोकाचा राग, मग स्वतःचाच तिटकारा. गोळ्या थोड्याफार मदतीला. खरा इलाज म्हणजे नियमित समुपदेशन, राग चढताना स्वतःला सावरायला शिकणं. आणि बाबा, 'तोंड बघणार नाही' ही धमकी आजपासून बंद."

बापानं तक्रार दिली नाही. दर आठवड्याला लेकीशेजारी एसटीत बसू लागला. दोघं भांडत जायचे, केळी खात परत यायचे. मध्ये दोनदा तिनं उपचार सोडले, दोनदा बापानं समजूत घालून नेलं.

कुणी केलं हे शोधलं की आमची फाईल मिटते. का केलं, हे कळल्यावर माणसाचं पुढं काही करता येतं, हे मी त्या घरात शिकलो.

उपचार काही वर्षं चालले. आज ती आपल्या मर्जीनं घरापासून दूर, लातूरच्या वसतिगृहात राहते आणि नर्सिंग शिकते.