आठ पेल्यांचा एक पेला

माझे सासरे लग्नानंतरचे आठ-नऊ महिने माझ्याशी थेट एक अक्षर बोलले नाहीत. जे काय सांगायचं ते शेळीला सांगायचे.

हसू नका. तेव्हा रीतच तशी होती. सासऱ्यासमोर सुनेनं पदर ढळू द्यायचा नाही आणि सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही. भरल्या घरात त्याचं काही अडत नाही. सासू असते, नणंदा असतात, निरोप फिरतो. आमच्याकडे सासूबाई मी यायच्या तीन वर्षं आधीच गेलेल्या, आणि नणंदा आपापल्या घरी नांदत होत्या. त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. दिवाळी झाल्यावर आमचे हे बैल आणि गाय घेऊन जनावरांच्या छावणीवर जाऊन बसले. राहुरीपासून आत, माळावरच्या त्या घरात उरलो मामंजी, मी आणि शेळी.

मग मामंजी अंगणात उभे राहून खाकरायचे आणि म्हणायचे, "शेळे, सांग घरात, भाकरी जरा पातळ थापा म्हनावं." मी आतून म्हणायची, "शेळे, सांग बाहेर, ही सरकारी मिलोची ज्वारी आहे, पातळ थापली तर तव्यावरच मोडते." शेळी रवंथ करत दोघांकडे बघायची. आमचा सगळा कारभार तिच्या मध्यस्थीनं चालला होता, आणि खरं सांगते, बिचारीनं कधी चुगली केली नाही.

मी संगमनेरची. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर. आमच्याकडे खोकला झाला की कागदाची पट्टी लावलेली लाल औषधाची बाटली यायची, ताप आला की गोळी. झाडपाल्याला वडील 'अडाण्यांचा बाजार' म्हणायचे आणि बापाचं ते मी जसंच्या तसं उचललेलं. तोंडानं फटकळ तर मी आजही आहे. सासरी येऊन बघते तर परसात तुळस, ओवा, मोरीच्या कडेला गवती चहा, फडताळात सुंठ, ज्येष्ठमध, वावडिंग, हिंगाची डबी. कुणाचं पोट दुखो, कुणाच्या लेकराचा कान ठणको, सकाळी सकाळी माणसं मामंजींच्या दारात. हातात दोन पाती गवती चहा आणि सुंठेचा तुकडा घेऊन खुशीनं परत जायची. मी मनात म्हणायची, कुठं येऊन पडले गं बाई मी!

शेतात काही उगवणारच नाही म्हटल्यावर अख्खं गाव दुष्काळी कामावर गेलं. रस्त्यासाठी खडी फोडायची. मीही गेले. कुणी कुणाला नाक मुरडावं अशी परिस्थितीच नव्हती. माझ्या ढिगावर जोडीला आमच्याच गावातल्या बौद्ध वस्तीतली एक मावशी असायची, पन्नाशी ओलांडलेली. निम्म्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. ती हातोडीही अशी चालवायची की दगड आपणहून फुटतोय असं वाटावं.

ती धूळ छातीत बसली आणि पौषात मला खोकला लागला. असा की बोलता येईना. मला बोलता येईना, म्हणजे बघा!

तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर अंगणात तीन दगडांची चूल पेटलेली. मामंजींनी बांधावरून अडुळशाची पानं आणली होती. त्या वर्षी बांधावर हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं, कारण अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पितळी पातेल्यात पाला टाकला, सुंठ ठेचून टाकली, गुळाचा खडा टाकला, आणि पेल्यानं मोजून पाणी घातलं. मग पातेल्यासमोर बसून राहिले. पाणी आटत आटत बुडाला गेलं तेव्हा फडक्यातून गाळून एक पेला उंबऱ्यावर ठेवला आणि खाकरले.

"शेळे, सांग घरात, आठाचा एक केलाय. गरम हाय तवरच घ्या म्हनावं."

आठ पेले पाणी आटवून त्याचा एक पेला. मी तो उचलला, वास घेतला, आणि पोटातलं सगळं वर आलं.

त्याला कारण होतं. मला दिवस गेले होते. तिसरा महिना लागत होता आणि ते एकट्या मलाच ठाऊक होतं. भाकरीचा वास सोसवत नव्हता, तिथं हे कडूजहर कसलं उतरतंय! ह्यांना सांगावं तर हे छावणीवर. मामंजींना सांगावं, ते कसं? शेळीकरवी? मेले असते पण बोलले नसते.

मी मागच्या दारानं मोरीवर गेले आणि पेला गवती चहाच्या बुडाशी ओतून दिला. दगडावर हिरवट ओघळ राहिला, तो पायानं पुसला. रिकामा पेला उंबऱ्यावर ठेवून म्हटलं, "शेळे, सांग बाहेर, प्याले."

त्यानंतर रोज हेच. पंधरा-वीस दिवस. मनाला एवढंसुद्धा टोचलं नाही. उलट वाटायचं, बरी जिरवली म्हाताऱ्याची. खोकला अर्थातच तसाच होता. मामंजी बाहेरून ऐकत असणार, कारण दुसऱ्या आठवड्यापासून ते अडुळशाची मूठ वाढवायला लागले. त्या दिवसांत ते आंघोळही करत नव्हते. "शेळे, गारठा लई हाय, आज र्‍हाऊ दे आंगूळ," असं रोज तिला सांगायचे. मी आत तोंड वाकडं करायची. म्हटलं, काय हा माणूस, दुसऱ्याला औषधं देतो आणि स्वतः पारोसा फिरतो.

एक दिवस ढिगावर मला खोकल्याची उबळ आली आणि तिच्या मागोमाग उलटी. मावशीनं हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं.

"कितवा?" तिनं विचारलं.

"तिसरा," म्हटलं आणि मी रडायलाच लागले. काम सुटल्यावर, दिवस मावळायच्या आत, ती माझ्याबरोबर थेट घरी आली. मामंजी चुलीपाशी बसून काढा गाळत होते. मी पदर सावरून आत गेले आणि दाराआड उभी राहिले. मावशीला ना सासरा ना शेळी.

"दादा," ती म्हणाली, "पोरीला दिवस गेल्यात. तिसरा सरत आला. तिला आता खडीवर धाडू नका."

पातेलं पडल्याचा आवाज आला. काढा विस्तवावर सांडून फस्स झालं. आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. मामंजी खाकरले नाहीत, शेळीकडं बघितलं नाही, उंबरा ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, किती प्यालीस?"

मला काही कळेना.

"खरं सांग. ह्यो पाला पोटुशी बाईला देत न्हाईत. किती प्यालीस तू?"

मी घाबरून मावशीकडं बघितलं. तिचाही चेहरा उतरला होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा पोटातल्या जिवाची भीती वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी माझी सगळी चोरी आठवली. कबूल करायची लाज वाटत होती, पण त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"मामंजी, एक घोटसुद्धा नाही."

"रोज रिकामा पेला ठिवत हुतीस की."

"मोरीवर ओतला. गवती चहाच्या बुडाशी. रोज."

ते उंबऱ्यावर, जिथं पेला ठेवायचे तिथंच, मटकन बसले आणि उपरण्यात तोंड झाकलं. मला वाटलं, आता शिव्या. मी त्या घ्यायला तयारही होते. पण त्यांचे खांदे गदगदत होते.

उपरण्याआडूनच म्हणाले, "तुझ्या सासूला दिला हुता मी. असाच खोकला हुता. तिनं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. पैलं पोर हुतं आमचं."

ते पाल्यानं गेलं की नशिबानं, देव जाणे. पण तो माणूस पुढं सगळं आयुष्य प्रत्येक बाईला औषध देताना त्या घरच्या म्हातारीला आधी आडून विचारायचा, हे मावशीनं मला नंतर सांगितलं. आमच्या घरात विचारायला म्हातारीच नव्हती.

"बरं केलंस ओतलंस," ते म्हणाले. "लई बरं केलंस." हे त्यांनी तीनदा म्हटलं. मग डोळे पुसून मागच्या उघड्या दारातून मोरीकडं बघितलं आणि एकदम हसले. "तरीच म्हनलं, ह्या दुस्काळात गवती चहा एवढा कसा माजलाय!"

मावशीही मोरीकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, आठाचा एक रोज. एवढं पानी आनलं कुठनं?"

गावची विहीर केव्हाच आटली होती. गाडीवरून येणाऱ्या पाण्यातून आमच्या घराला रोज दोन घागरी मिळायच्या, एक त्यांची, एक माझी. काढ्यापायी माझ्या घागरीतलं पाणी कधी चार बोटंसुद्धा खाली गेलं नव्हतं. गारठा लई हाय, आज राहू दे आंगूळ. मला एकदम सगळं उमगलं. जी मी वीस दिवस मोरीत ओतत होते ती त्यांची आंघोळ होती, आणि कुणास ठाऊक, तहानसुद्धा असेल. आयुष्यात इतकी शरम मला ना आधी वाटली ना नंतर. मी त्यांच्या पायांवर पडले आणि हमसून हमसून रडले.

"ऊठ," मामंजी म्हणाले. "शेळी बघतीया."

दुसऱ्या दिवशी माझी हातोडी घेऊन ते स्वतः ढिगावर गेले. साठीच्या पुढचा माणूस, मावशीसमोर बसून खडी फोडायचा. सुट्टीच्या दिवशी राहुरीला चालत जाऊन साळीच्या लाह्या घेऊन आले. त्या पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून मला घोट घोट प्यायला लावायचे, आणि देवाशप्पथ, पहिल्यांदा पोटात काही टिकलं. खोकल्याला ज्येष्ठमधाची काडी आणि खडीसाखर चघळायला दिली. आठ-दहा दिवसांत खोकला गेला. माझे वडील म्हणाले, धूळ बंद झाली म्हणून गेला. असेल. मावशी म्हणाली, ज्येष्ठमधानं. तसंही असेल. मला एवढंच ठाऊक की माझ्या वाटची धूळ तेव्हा दुसरं कुणीतरी खात होतं, आणि त्याचं ऋण फेडायची माझी ऐपत नाही.

त्या दिवसापासून मामंजी माझ्याशी सरळ बोलायला लागले. गावात कुजबुज झाली, सुनेशी तोंड वर करून बोलतो म्हणून. पारावर कुणीतरी त्यांना टोकलंच. तेव्हा म्हणाले, "न बोलून एक पोर गेलं माझं. आता बोलून बघतो."

श्रावणात मावशीच्या हातावर मला मुलगी झाली. बाळंतशोपा, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, जे जे मामंजींनी सांगितलं ते ते मी मुकाट्यानं केलं. वडील बाळाला बघायला आले तेव्हा मी त्यांना गवती चहा आणि आलं घालून कोरा चहा दिला. त्यांनी दुसरा कप मागितला. तो आनंद मला अजून पुरतोय.

पोर बारा वर्षांची झाली त्या थंडीत मामंजींना खोकला लागला. आता दारात नळ होता. पोरीनंच बांधावरून अडुळसा आणला, आजोबांनी शिकवलेलं तसं पेल्यानं पाणी मोजलं, पातेल्यासमोर बसून आठाचा एक केला आणि गाळून त्यांच्या हातात दिला. मी भाकऱ्या थापत होते. तिला मध्येच कुणीतरी खेळायला हाक मारली, ती पळाली.

मी आतूनच विचारलं, "मामंजी, काढा प्यालात का?"

"शेळीला इचार," ते म्हणाले.

शेळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी हसत हसत उठले, पीठ लागलेल्या हातांनीच, आणि खोटं कशाला सांगू, मागच्या दारानं जाऊन आधी मोरीचा दगड बघितला.

दगड कोरडा होता.